फ्लायसाइट: ट्रॅकिंग आणि अँगल शिकणाऱ्यांसाठी कितपत कामाचं?

स्कायडायव्हिंगमध्ये विमानातून उडी मारल्यावर ४,००० मीटरवर आजूबाजूला तुलनेला काहीच नसतं. त्यामुळे आपण पुढे किती सरकतोय आणि खाली किती पडतोय, हे अंगाला कळत नाही. पाय ताणले, हात मागे घेतले, खांदे गोलावले, की वाटतं ट्रॅकिंग, म्हणजे पडता पडता शक्य तितकं आडवं पुढे सरकणं, जमलं. फ्लायसाइट हे छोटं जीपीएस यंत्र नेमकं इथे उपयोगी पडतं. हेल्मेटवर बसवायचं, इअरफोन कानात घालायचा. पुढचा वेग भागिले खालचा वेग, म्हणजे ग्लाइड रेशो, सुराच्या चढउतारातून ऐकू येतो. मूळ वापर विंगसूटवाल्यांचा (हातापायांमध्ये पंखांसारखं कापड असलेला सूट घालून उडणाऱ्यांचा), पण आता स्पीड स्कायडायव्हिंगच्या (जास्तीत जास्त वेगाने खाली पडण्याच्या) जागतिक स्पर्धांतली मोजणीही याच्यावर होते. एकट्याने ट्रॅकिंगचा सराव करणाऱ्याने ते जरूर घ्यावं. अँगलसाठीही (गटाने तिरक्या, उतरत्या मार्गाने उडण्यासाठी) घ्यावं, मात्र हवेत आवाज बंद ठेवून.

पेटीतून काढलं तसंच वापरलं तर निराशा होईल. सेटिंगची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. त्यात मोड २ म्हणजे ग्लाइड रेशो, आणि आकडे शंभरपटीत लिहायचे असतात. मूळ पट्टा ० ते ३०० आहे, म्हणजे ० ते ३ रेशो. हा विंगसूटचा पट्टा. ट्रॅकिंगमध्ये रेशो १ च्या आसपास फिरतो, म्हणून ०.८ वरून ०.९ वर गेलात तरी सुरातला फरक कानाला जेमतेम जाणवतो. किमान ४० आणि कमाल १४० करा, की तेवढाच बदल ठळक ऐकू येतो. १० मीटर प्रतिसेकंदापेक्षा कमी वेगाने खाली येत असताना यंत्र गप्प राहतं. ही मर्यादा आहे तशीच ठेवा, नाहीतर विमानातही वाजत बसेल. ड्रॉपझोनची (उड्या मारून उतरण्याच्या जागेची) उंची मीटरमध्ये भरायची विसरू नका. ॲरिझोनातलं इलॉय हे ड्रॉपझोन समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटरवर आहे. तिथे हा आकडा शून्य राहिला तर उंचीचे सगळे इशारे तेवढेच उशिरा येतील.

सराव असा करावा. बाहेर पडल्यावर आधी डोकं किंचित खाली ठेवून वेग घ्या, मग हळूहळू सपाट व्हा. वेग येण्याआधीच सपाट होणारा माणूस हवेत नुसता तरंगतो. एका वेळी एकच गोष्ट बदला: गुडघे पूर्ण ताठ, किंवा हनुवटी आत, किंवा नितंबांतला बाक काढणं. बदलल्यावर पाच सेकंद तसंच राहा, कारण सूर शरीराच्या थोडा मागून येतो. सूर लगेच चढला नाही म्हणून दुसरं काही बदललं, तर कशाने काय झालं ते कळणारच नाही. रेशो एकदम पडण्याची सर्वांत नेहमीची कारणं दोन: क्षितिज बघायला मान वर जाणं आणि नकळत गुडघे वाकणं.

आता त्याची खरी मर्यादा. यंत्र जमिनीच्या संदर्भात वेग मोजतं, हवेच्या नाही. पुढे ५० आणि खाली ५० मीटर प्रतिसेकंद जाणाऱ्याचा रेशो १. मागून १० मीटरचा वारा आला की तो १.२ दिसतो आणि समोरून आला की ०.८. शरीर तेच, तंत्र तेच! म्हणून आकड्यांची तुलना वाऱ्याला आडवं उडालेल्या उड्यांमध्येच करावी. दुसरी फसवणूक याहून छुपी आहे. पुढे ४५, खाली ५० याचा रेशो ०.९, पुढे ३६, खाली ४० याचाही ०.९. कानाला दोन्ही सारखेच, पण पहिला उडतोय आणि दुसऱ्याला वेगच नाही. उडीनंतर संगणकावर दोन्ही वेगांच्या रेषा वेगवेगळ्या पाहिल्या तरच हे कळतं. नुसत्या आवाजावर समाधान मानणाऱ्याचा इथे घात होतो.

अँगलमध्ये ४५ अंशांचा मार्ग म्हणजे रेशो १, आणि ६० अंशांचा सुमारे ०.५८. पण हा मार्गाचा कोन आहे, शरीराचा नाही. शिवाय गटात तुमची जागा लीडरच्या संदर्भात ठरते. तिथे सुरामागे लागलात तर नजर लीडरवरून हलते आणि तुम्ही त्याच्या अंगावर किंवा दुसऱ्याच्या बर्बलमध्ये (अंगामागच्या ढवळलेल्या हवेत) जाता.

लीडरला मात्र उडीनंतरचा नकाशा अमूल्य आहे. ४५ मीटर प्रतिसेकंदाने ५० सेकंद उडालं तर २,२५० मीटर आडवं अंतर जातं. जंप रनला (उड्या सोडताना विमान ज्या सरळ रेषेत उडतं तिला) काटकोनात जायचं ठरवून दिशा फक्त १० अंश चुकली, तर त्या अंतरात जंप रनच्या दिशेने जवळपास ३९० मीटर सरकायला होतं. दोन गटांमध्ये साधारण ३०० ते ४५० मीटर सोडलेले असतात. म्हणजे एवढ्याशा चुकीत दुसऱ्या गटाच्या कॅनॉपी (पॅराशूट) उघडण्याच्या जागेत शिरणं शक्य आहे. जमिनीवर उतरल्यावर ‘सरळच गेलो’ असं सगळ्यांनाच वाटतं. नकाशावरची रेषा खरं काय ते दाखवते. नवीन लीडरने निदान पहिल्या काही उड्यांची रेषा कोचबरोबर बसून बघितलीच पाहिजे.

ब्रेक-ऑफसाठी (कॅनॉपी उघडण्याआधी गट मोडून एकमेकांपासून दूर जाण्यासाठी) याच्या इशाऱ्यावर विसंबू नका. सिग्नल गेला की उंचीही गेली. हवेच्या दाबावर चालणारा ऑडिबल (कानात उंचीचा इशारा देणारं यंत्र) आणि हातावरचा आल्टिमीटर (उंचीमापक) वेगळे हवेतच, आणि उघडण्याआधी तीन-चार सेकंद वेग कमी करायला पुरतील इतक्या वर ब्रेक-ऑफ ठेवावा.

बसवण्याबद्दल: पोटावर उडणाऱ्याने हेल्मेटच्या मागच्या बाजूला बसवलं तर अँटेना आकाशाकडे राहते. पाठीवर उडताना तीच जमिनीकडे वळते आणि नोंद बिघडते, तेव्हा बॅक-फ्लाइंगच्या आकड्यांवर फार भर देऊ नका. विमानात चढण्याआधी दहा-पंधरा मिनिटं उघड्यावर सुरू करून ठेवा. विमानाच्या पोटात उपग्रह शोधायला लावलं तर पहिली नोंद दारातून बाहेर पडल्यावर कधीतरी सुरू होते. इअरफोनची वायर हेल्मेटच्या आतूनच न्या, बाहेर लोंबणारी वायर उघडणाऱ्या कॅनॉपीच्या दोऱ्यांत किंवा रायझरमध्ये (त्या दोऱ्या खांद्यावरच्या पट्ट्यांना जोडणाऱ्या पट्टीत) अडकू शकते.