प्लेअर्स हँडबुक (२०१४): पान २०५ वरचा एक परिच्छेद

डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग खेळाच्या (प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन खेळायच्या) पाचव्या आवृत्तीचं हे ३२० पानी नियमांचं पुस्तक. सांगली-मिरजेत नवा ग्रुप जमवत असाल तर आधी एवढंच तपासा: ऐन लढाईत दोन स्पेलच्या (मंत्रांच्या) मुदती एकमेकींवर आल्या की पुस्तक निवाडा देतं का? देतं, पण तो परिच्छेद सावकाश वाचावा लागतो.

वेगवेगळ्या स्पेलचे परिणाम एकत्र धरायचे. तोच स्पेल दोनदा पडला तर जास्त ताकदीचा एकच धरायचा, तोही दोन्ही मुदती चालू असेपर्यंत. बहुतेक ग्रुप इथेच घोळ घालतात. दुसरा स्पेल 'वाया गेला' म्हणून खोडतात. प्रत्यक्षात त्याची मुदत मागे चालूच असते.

ब्लेस घ्या. मुदत १ मिनिट, म्हणजे लढाईचे १० राउंड (फेऱ्या). तीन जणांना अटॅक आणि सेव्हच्या (धोका टाळण्याच्या) फाशावर डी४, म्हणजे चार बाजूंच्या फाशाची भर. एका क्लेरिकने (मंत्र टाकणारा पुजारी) पहिल्या राउंडला फायटरवर (लढवय्यावर) टाकला, दुसऱ्याने चौथ्या राउंडला त्याच फायटरवर. डी४ एकच मिळणार. सहाव्या राउंडला पहिल्या क्लेरिकला २६ डॅमेज बसलं की कॉन्सन्ट्रेशनचा (स्पेल टिकवून धरण्याचा) सेव्ह १३ चा (१० किंवा निम्मं डॅमेज, जे मोठं ते). तो हुकला तरी फायटरचा डी४ जात नाही, दुसऱ्याचा ब्लेस आहेच. पहिल्याच्या यादीतल्या बाकी दोघांचा मात्र जातो. म्हणून नोंद फायटरच्या नावाने नको, स्पेल टाकणाऱ्याच्या नावाने ठेवा. टोकन म्हणून तासगावचे बेदाणे ठेवू नका, मुदतीआधीच संपतात.

कमाल हिट पॉइंट (पात्राचा जीव) वाढवणारा 'एड' हा स्पेल आठ तासांचा असल्याने आणखी फसवा. सकाळी ९ ला तिसऱ्या लेव्हलचा (+१०), दुपारी १२ ला दुसऱ्या लेव्हलचा (+५). कमाल हिट पॉइंट ५ वाजेपर्यंत +१०, मग ८ पर्यंत +५. बेरीज १५ कधीच नाही.

दोन्ही सारख्याच ताकदीचे असतील तर नंतरचा धरायचा, ही ओळ नंतरच्या दुरुस्तीत आली. जुनी प्रत सेकंडहँड घेणाऱ्यांनी ती पेन्सिलीने लिहून ठेवावी. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतून येणाऱ्यांनी जपून: तिथे स्पेल वेगळे असले तरी एकाच प्रकारचे बोनस जुळत नाहीत, इथे जुळतात.

छपाई सुबक, पण परिच्छेदात उदाहरण एकच, तेही अर्ध्यावर सोडलेलं. फक्त या नियमासाठी पुस्तक घेऊ नका, एसआरडी ५.१ मध्ये (खेळाच्या मूळ नियमांची संदर्भ प्रत) तो आहे आणि जानेवारी २०२३ पासून ती क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली मोफत आहे.