नागरिकत्व सोडायचे पैसे घेतले, आणि जमिनीचं कुलमुखत्यारपत्रही

घरात कुणी परदेशी पासपोर्ट घेतलेला असेल आणि सोलापुरात सुट्टीला आल्यावर ‘जुन्या पासपोर्टचं काम’ उरकून जाणार असेल, तर हे आधी वाचून घ्या. दादाला या कामात एका एजंटानं गाठलं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण पोलिसांकडे आहे.

दादा २०१९ मध्ये अमेरिकेचा नागरिक झाला, पाठोपाठ वहिनीही. जानेवारीत सगळे गड्ड्याच्या यात्रेला म्हणून ई-व्हिसावर आले. बाबा गेल्यानंतर मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानावर आईबरोबर आम्हा दोघा भावंडांची वारसनोंद झालेली. दादाच्या फेऱ्या वाढणार म्हणून ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड, काढायचं ठरलं. त्या अर्जाला भारतीय पासपोर्ट जमा केल्याचा दाखला, म्हणजे सरेंडर सर्टिफिकेट लागतं. एवढंच काम होतं.

सात रस्त्याच्या पुढं या एजंटाचं ऑफिस. एसी, काचेचं दार, भिंतीवर अशोकस्तंभाचं मोठं चित्र. वहिनीचं माहेर अक्कलकोटकडचं आहे हे कळल्यावर तो तिच्याशी कन्नडमध्ये बोलायला लागला. म्हणाला, “साहेब, नुसता पासपोर्ट देऊन भागत नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम ८ खाली कलेक्टर कचेरीतून नागरिकत्व सोडल्याचा दाखला काढावा लागतो, नाहीतर दंड.” माणशी बावीस हजार, चौघांचे अठ्ठ्याऐंशी हजार, त्यातले निम्मे रोख.

यात खरं किती ते सांगते. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात कलम ८ आहे आणि त्यात नागरिकत्व सोडण्याचं घोषणापत्र करता येतं, पण ते अजून भारताचा नागरिक असलेल्या माणसासाठी. ज्यानं आपल्या मर्जीनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, त्याचं भारतीय नागरिकत्व कलम ९ प्रमाणे त्याच वेळी संपतं. दादानं तिकडं शपथ घेतली त्या दिवशीच ते संपलेलं. उरतो तो पासपोर्ट. तो परदेशात भारतीय वकिलातीमार्फत किंवा इथं पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज करून जमा करायचा; सोलापूर पुणे पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीत येतं. रद्द केलेला पासपोर्ट आणि दाखला मिळतो, संपलं.

आणि चौघे कोण? भाचे दोघंही अमेरिकेत जन्मलेले. वकिलातीत त्यांची जन्मनोंद कधी केलेली नाही, भारतीय पासपोर्ट कधी काढलेला नाही. जे नागरिकत्व त्यांना मिळालंच नव्हतं, ते सोडायचे या माणसानं चव्वेचाळीस हजार घेतले. हे आठवलं की मला अजून आधी हसू येतं, मग डोकं फिरतं.

पुढं त्याची नजर वहिनीच्या पासपोर्टवर गेली. त्याची मुदत संपत आलेली. “हा इथंच रिन्यू करून देतो, दोन्ही असू द्या, कोण बघतंय?” वहिनीनं तिथंच कन्नडमध्ये त्याचं तोंड बंद केलं. बरंच झालं. नागरिक नसताना ते लपवून भारतीय पासपोर्टसाठी अर्ज करणं हा १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात गुन्हा आहे, एक ते पाच वर्षं कैद आणि वर दंड. एजंट त्यात नामानिराळा राहतो, सही अर्जदाराची असते.

पण खरा डाव जमिनीचा होता. “तुम्ही आता फॉरेनर. ओसीआयवाल्याला शेतजमीन चालत नाही. दाखला निघाला की सातबाऱ्यावरचं नाव उडतं, जमीन सरकारजमा. त्याआधी आमच्या माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करा, तो सांभाळेल.” आईनं हे ऐकलं आणि तिचं जेवण तुटलं. बाबांनी ऊस सोडून ज्वारी धरून ठेवलेलं ते रान. दादाचं तिकीट तोंडावर आलेलं, आईची घालमेल बघवत नव्हती. नोटरीसमोर सह्या झाल्या.

ओसीआयवाल्याला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, हे खरं आहे. पण भारतात राहणाऱ्या माणसाकडून वारशानं आलेली जमीन तो ठेवू शकतो. फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या कलम ६(५) मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आधी भारतात राहत असताना घेतलेली जमीनही राहते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. नागरिकत्व गेल्यानं सातबारा कोरा होत नाही. अर्धं वाक्य खरं सांगून उरलेलं पोटात ठेवायचं, हीच या लोकांची कला. २०२३ या एका वर्षात २,१६,२१९ जणांनी भारतीय नागरिकत्व सोडल्याचा आकडा सरकारनं संसदेत दिला होता. त्यांच्यापैकी कितीतरी जणांचं गावाकडं रान असणार, म्हणजे याला गिऱ्हाइकांची काय कमी?

दाखले आले ते रंगीत प्रिंट, वर गोल शिक्का, ‘जिल्हाधिकारी, सोलापूर’. दादाचा मूळ भारतीय पासपोर्ट मात्र रद्दचा शिक्का न मारताच परत. तिथंच मला शंका आली. पासपोर्ट जमा न होता जमा केल्याचा दाखला कसा? तिकडून ओसीआयचा अर्ज परत आला तेव्हा खात्री पटली. त्याच सुमारास आमच्या वाटेकऱ्याचा फोन आला: “ताई, रानात माणसं टेप घेऊन फिरायलीत, तुमच्या दादानं इकलं म्हणत्यात.” मुखत्यारानं पंढरपूरच्या एका माणसाकडून इसार घेतला होता. तोही आमच्यासारखाच फसलेला.

मग आईनं आणि दादानं ते कुलमुखत्यारपत्र रद्द केलं. दादाचा कागद तिकडून वकिलातीत साक्षांकित होऊन आला. मुखत्याराला वकिलाची नोटीस, पेपरात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकाकडं आणि तलाठ्याकडं लेखी अर्ज. सगळ्यावर पोच घेतली. पोलिसांत आम्ही आणि इसारवाले एकत्रच गेलो. बनावट दाखले जप्त आहेत. रोख दिलेल्या पैशांची पावती नाही म्हणून तो ते नाकारतोय, ऑनलाइन गेलेले तेवढे बँकेच्या उताऱ्यात दिसतात. दादानं नंतर तिकडंच रीतसर पासपोर्ट जमा केला आणि त्याला खरा दाखला मिळालाय.

अशा कुणाच्या नावे कागद करून दिला असेल तर सातबारा आणि फेरफार आजच ऑनलाइन बघा. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीला पंधरा दिवस असतात, आणि परदेशातल्या खातेदाराला ती नोटीस वेळेत पोचेलच असं नाही. गावात जो राहतो त्यानंच चावडीवर जाऊन बघून यावं.