अंगावरचं दूध की वरचं?

आई एचआयव्हीबाधित असेल तर पुष्कळ बायका पटकन म्हणतात, "वरचंच पाजा." वरच्या दुधातून विषाणू जात नाही, हे खरं. पण पावडरचा डबा परवडायला हवा, वाटी-चमचा दर वेळी उकळायला हवा. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी वणवण करणाऱ्या बाईला हे सांगून बघा. तिथे जुलाबानं बाळ दगावायची भीती मोठी. वर शेजारणी विचारणार, "का गं, पाजत नाहीस?"

अंगावर पाजायचं तर आईनं एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी, गोळी रोज घ्यायची, बाळाला जन्मापासून लागण टाळणारं नेव्हिरपिनचं औषध. काहीच उपचार नसतील तर गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावरचं दूध मिळून बाळाला लागणीची शक्यता १५ ते ४५ टक्के. नीट उपचारांत ५ टक्क्यांहून कमी. माझा कौल इकडेच.

मात्र पहिले ६ महिने फक्त आईचंच दूध. खरी गोची इथेच होते. आजी सहाणेवर बाळगुटी उगाळते, बोटानं मध चाटवते, रात्री बाळ रडलं की वरचं दूध. या सरमिसळीनं आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते. धड हे ना धड ते, हाच प्रकार सगळ्यांत धोक्याचा. सासूबाईंना आजार सांगायची गरज नाही. "डॉक्टरांनी पाणीसुद्धा नको म्हटलंय" एवढं पुरे. तसंही ते सगळ्याच बाळांना लागू आहे.