थोरेन्स टीडी १६० वर रेगा आरबी ३३०: द्रुत शेवटच्या खाचेपर्यंत

थोरेन्सचं टीडी १६० हे रेकॉर्ड प्लेअर बाजारात आलं १९७२ मध्ये, आणि नीट ठेवलेलं असेल तर आजही ठणठणीत चालतं. जड दुपदरी प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी), सिंक्रोनस मोटर, तीन स्प्रिंगांवर तरंगणारी सबचासी (प्लॅटर आणि आर्म पेलणारी आतली चौकट), यातलं काही बदलायची वेळ सहसा येत नाही. पट्टा नवा घातला आणि प्लॅटरच्या बेअरिंगमध्ये ताजं तेल सोडलं की भागतं. थकतो तो मूळ टीपी १६ आर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा. सुई उचलणाऱ्या-उतरवणाऱ्या लिफ्टचं सिलिकॉन ऑइल गेलेलं असतं, त्यामुळे सुई हळू उतरायच्या ऐवजी धप्पकन पडते. हेडशेलचे, म्हणजे आर्मच्या पुढच्या टोकाचे, विजेचे संपर्क काळवंडतात, एक चॅनेल येतं-जातं. आणि आर्मच्या बेअरिंगमध्ये खेळ येतो, ज्यावर घरच्या घरी खात्रीचा इलाज नाही. अशा मशीनवर आज नवा आर्म बसवायचा तर रेगा या ब्रिटिश कंपनीचा आरबी ३३० हा आमच्या मते पहिला पर्याय. तो का, आणि नाशिकमध्ये बसून हे काम कसं तडीला न्यायचं, ते सविस्तर सांगतो.

आधी मूळ आर्म खरंच गेलाय का हे पाहा. अँटी-स्केट (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून बाहेर जोर देणारी सोय) शून्यावर ठेवा, वजन मागे सरकवून आर्म हवेत तरंगता ठेवा आणि हेडशेलवर हलकी फुंकर मारा. आर्म कुठेही न अडता या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला पाहिजे. मग हेडशेल दोन बोटांत धरून अगदी हलकं पुढे-मागे करा. ‘टिक’ असं काही हाताला लागलं नाही तर बेअरिंग शाबूत आहेत. मग आर्मवर खर्च करूच नका, चांगली सुई घ्या. त्याच पैशात जास्त फरक पडेल.

आरबी ३३० ची खासियत म्हणजे नळी, हेडशेल सगळं एकसंध ओतीव ॲल्युमिनियम. रेगाने ही पद्धत १९८३ च्या आरबी ३०० पासून लावून धरली आहे. हेडशेलला जोड नाही, म्हणजे सैल व्हायला जागा नाही. बेअरिंगमध्ये खेळ नाही आणि तरीही ती मोकळी फिरतात. बसवायला तीन स्क्रू, त्यामुळे पाया घट्ट बसतो. उणिवाही सांगायलाच हव्यात. उंची बदलायची सोय आर्ममध्ये नाही, खाली २ मिमीचे स्पेसर घालावे लागतात. कार्ट्रिज (सुई असलेला छोटा डबा) डावीकडे-उजवीकडे कलतं करायची सोयही नाही. केबल कायमची जोडलेली आहे आणि टीडी १६० च्या नाजूक स्प्रिंगांच्या मानाने ताठ आहे. या तिसऱ्या गोष्टीमुळे बहुतेकांचं काम बिघडतं, त्याबद्दल पुढे.

आर्मबोर्ड, म्हणजे आर्म ज्यावर बसतो ती फळी. मूळ बोर्डाला भोकं पाडू नका, तो काढून जपून ठेवा. त्याची बाह्यरेषा आणि खालच्या स्क्रूंच्या जागा कागदावर उतरवा, व्हर्निअरने मापं घ्या आणि नवा बोर्ड करून घ्या. इथे नाशिककरांची सोय आहे. अंबड आणि सातपूरच्या एमआयडीसीत लेझर कटिंग आणि सीएनसीची वर्कशॉपं भरपूर आहेत. एका नगाला सगळेच तयार होत नाहीत, पण नेमकं ड्रॉइंग हातात दिलं तर दुसऱ्या कामाच्या शेवटी कापून देणारा भेटतोच. ड्रॉइंगवर एकच माप लाल पेनाने लिहा: स्पिंडलच्या (प्लॅटरच्या मधल्या खुंटीच्या) मध्यापासून आर्मच्या पिव्हटच्या (आर्म ज्याभोवती फिरतो त्या बिंदूच्या) मध्यापर्यंत २२२ मिमी. बाकी मापांत थोडं इकडेतिकडे चालेल, इथे अर्ध्या मिलिमीटरच्या वर चूक नको. तीन भोकांसाठी रेगाचा टेम्पलेट वापरा, अंदाजाने आखू नका.

साहित्य म्हणाल तर चांगला बर्च प्लाय घ्या. साधा एमडीएफ नाशिकच्या पावसाळ्यात कडांना फुगतो आणि स्क्रूची पकड जाते. ॲल्युमिनियमचा बोर्ड दिसायला देखणा असतो, पण त्याने अर्थिंगची भानगड होते. जाडी मुद्दाम किंचित कमी ठेवा. पातळ बोर्डावर स्पेसर घालून आर्म उंच करता येतो, जाड बोर्ड मात्र पुन्हा रंधायला न्यावा लागतो. पिव्हटचा खालचा भाग सबचासीला किंवा तळाच्या पत्र्याला टेकत नाही ना, हे स्क्रू आवळण्यापूर्वी बघा. मागचं वजन लावल्यावर झाकण बंद होतं का, तेही आत्ताच बघून घ्या. मशीन उलटं करण्याआधी दोन्ही प्लॅटर काढा, बेअरिंगची विहीर झाका, आर्म बांधा.

आता भूमिती. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्यांनी इथे घाई करू नये.

एलपीच्या बाहेरच्या खाचेवर सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते. लेबलाजवळ, मध्यापासून ६० मिमीवर, तीच गती २१ सेंटिमीटरवर येते. तेवढेच स्वर निम्म्याहून कमी जागेत कोंबलेले असतात, म्हणून आर्मच्या कोनातली चूक आत जास्त ऐकू येते. सिंफनीच्या रेकॉर्डवर शेवटचा भाग कधी हळुवार असतो, कधी जोरकस. आपल्या ख्यालाच्या एलपीवर मात्र क्रम बहुधा ठरलेला: बाजू सुरू होते विलंबिताने आणि संपते द्रुताने. भीमसेनजींच्या ताना, किशोरीताईंचं द्रुत, सतारीवरचा जलद ‘झाला’, हे सगळं नेमकं रेकॉर्डच्या सगळ्यात अडचणीच्या भागात. त्यात बाजू वीस-बावीस मिनिटांच्या पुढे गेली असेल तर खाचा लेबलाला जाऊन भिडतात.

आर्म वर्तुळाच्या कंसात फिरतो, त्यामुळे कोन फक्त दोनच जागी अचूक येतो. त्या जागा ठरवायच्या दोन प्रचलित पद्धती आहेत. बेअरवाल्ड पद्धतीत त्या मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिमीवर, स्टीव्हन्सन पद्धतीत ६०.३ आणि ११७.४ मिमीवर. रेगाचं कारखान्यातलं माप (पिव्हटपासून सुईपर्यंतची प्रभावी लांबी २३७ मिमी, म्हणजे सुई स्पिंडलच्या पुढे जाते ते अंतर, ओव्हरहँग, १५) स्टीव्हन्सनच्या अगदी जवळ जातं. जाणकार मंडळी रेगाला यासाठी नावं ठेवतात, कारण बाहेरच्या भागात कोनाची चूक वाढते: सर्वांत बाहेर साधारण २.२ अंश, बेअरवाल्डमध्ये १.८. पण ६०.३ मिमीवर स्टीव्हन्सनची चूक शून्य आणि बेअरवाल्डची पाऊण अंशाच्या आसपास. आपल्या संग्रहासाठी रेगाचा निर्णय बरोबर आहे असं आमचं ठाम मत आहे. विलंबितातली चूक बाहेरच्या खाचांची जास्त गती सांभाळून घेते, द्रुतातली कोणी सांभाळत नाही.

तरीही डोळे मिटून ठरवू नका. आपल्या दहा-पंधरा आवडत्या रेकॉर्ड घ्या आणि भोकाच्या मध्यापासून शेवटच्या वाजणाऱ्या खाचेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. ते ६३ मिमीपेक्षा कमी भरत असेल तर स्टीव्हन्सन किंवा रेगाचा स्वतःचा प्रोट्रॅक्टर (कोन जुळवायचा आखलेला तक्ता) वापरा. बहुतेक रेकॉर्ड ६३ च्या बाहेरच संपत असतील, म्हणजे चित्रपटगीतांच्या आणि भावगीतांच्या छोट्या बाजू, तर बेअरवाल्ड. २२२ मिमीच्या पिव्हटला त्यासाठी ओव्हरहँग १७.३ मिमी लागतो, म्हणजे कार्ट्रिज हेडशेलमध्ये किंचित पुढे सरकवायचं. प्रोट्रॅक्टरवर सुईची दांडी बघून जुळवा, कार्ट्रिजचा डबा बघून नव्हे.

कार्ट्रिजमध्ये ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ मालिका या आर्मला छान जमते. वजन ६.१ ग्रॅम, आर्मचं प्रभावी वजन सुमारे ११, स्क्रूंसकट सगळं १८ च्या आसपास. त्यावरून रेझोनन्स, म्हणजे आर्म आणि सुई मिळून आपोआप थरथरतात ती कंपनसंख्या, ९ हर्ट्झच्या जवळपास येतो, म्हणजे वाकड्या रेकॉर्डच्या डुलण्याच्या वर आणि संगीताच्या खाली. आतल्या खाचांसाठी साध्या ‘ई’ सुईपेक्षा बारीक धारेची मायक्रोलिनिअर ‘एमएल’ घ्या. द्रुतात फरक लगेच कळतो. वायरी पांढरी डावा प्लस, निळी डावा मायनस, लाल उजवा प्लस, हिरवी उजवा मायनस. टॅग चिमट्याने धरून सरकवा, वायर ओढू नका. कार्ट्रिजच्या पिनेवर सोल्डरिंग आयर्न टेकवायचं नाही, आत कॉइल जळते.

उंचीसाठी रेकॉर्ड ठेवून आर्मची नळी बाजूने पाहा, ती रेकॉर्डला समांतर हवी. २३७ मिमी लांबीच्या आर्मला मागे ४ मिमीने उचललं तर कोन जेमतेम एक अंश बदलतो, म्हणून एक स्पेसर म्हणजे अर्धा अंश. जाड-पातळ रेकॉर्डसाठी दरवेळी उंची बदलण्यात अर्थ नाही. डाव्या-उजव्या कलासाठी प्लॅटरवर आरशाचा छोटा तुकडा ठेवा आणि प्रतिबिंब सरळ येतं का बघा. कल निघाला तर कार्ट्रिजच्या एका बाजूला पातळ शिम (चकती) घाला. आर्मच्या बेअरिंगचे स्क्रू सैल करून कल काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

वजनासाठी आर्मची डायल आणि अँटी-स्केट दोन्ही शून्यावर ठेवून आर्म तरंगता करा, मग डायल २ वर आणा. ती अंदाजापुरतीच धरा आणि डिजिटल काट्याने खात्री करा. सराफ बाजारात ०.०१ ग्रॅमचे काटे मिळतात, ते चालतात, पण दोन अटी आहेत. पहिली, सुई टेकते ती जागा रेकॉर्डच्या उंचीवर हवी. काट्याची ताटली उंच असेल तर आकडा चुकतो, म्हणून प्लॅटर काढून काटा खाली बसवा किंवा ताटलीवरून बाहेर आलेली पातळ पट्टी वापरा. दुसरी, ताटली स्टीलची असली तर कार्ट्रिजचं चुंबक तिला खेचतं आणि काटा भलतंच दाखवतो. पितळ, ॲल्युमिनियम किंवा प्लास्टिकच हवं. व्हीएम९५ ला १.८ ते २.२ ग्रॅम चालतं. २.० वर ठेवा. हलकं ठेवून रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे, हलकी सुई उड्या मारत खाच खरवडते.

अँटी-स्केट वजनाइतक्याच आकड्यावर सुरू करा. आर्म आत ओढला जातो तेव्हा सुई आतल्या भिंतीवर रेलते आणि बाहेरच्या भिंतीवरची, म्हणजे उजव्या चॅनेलची पकड सुटते. जोरदार तानेत फक्त उजवीकडून खरखर आली तर आकडा वाढवा, डावीकडून आली तर कमी करा. बिनखाचेच्या गुळगुळीत तबकडीवर आर्म स्थिर करायची युक्ती फसवी आहे.

आता ती केबल. टीडी १६० ची सबचासी वर-खाली सरळ झुलली पाहिजे. रेगाची केबल ताणून बाहेर काढली की ती एका बाजूने सबचासीला धरून ठेवते आणि झोका तिरका होतो. आत एक सैल वळसा ठेवा आणि केबल लाकडी चौकटीला क्लिपने पक्की करा, म्हणजे बाहेरून कोणी ओढली तरी ताण आत जाणार नाही. नव्या आर्मचं वजन वेगळं असल्यामुळे तिन्ही स्प्रिंगांचे नट खालून पुन्हा जुळवावे लागतात. आधी चौकट लेव्हल करा, मग रेकॉर्ड ठेवून, आर्म मध्यावर असताना सबचासी लेव्हल करा. बोटाने प्लॅटर हलका दाबून सोडा. डोलत, हेलकावत थांबला तर अजून जुळलेलं नाही.

घुमघुम आली तर अर्थिंग तपासा. रेगाला वेगळी अर्थ वायर नसते, आर्मचं अर्थिंग एका चॅनेलच्या शिल्डवरून होतं. लाकडी बोर्डामुळे थोरेन्सचा धातूचा सांगाडा मात्र मोकळा राहतो, म्हणून सांगाड्यापासून फोनो प्रीॲम्पच्या (सुईचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राच्या) अर्थ स्क्रूपर्यंत एक स्वतंत्र वायर न्या. ॲल्युमिनियमचा बोर्ड घातला असेल आणि ही वायरही जोडली असेल तर दोन वाटा होऊन घुमघुम वाढू शकते. मग एक काढा.

ऐकून तपासायचं तर तानपुऱ्यावर. स्थिर षड्ज किंचितही डोलत असेल तर स्प्रिंग, पट्टा किंवा रेकॉर्डचं भोक मध्यावर नाही, यांपैकी काहीतरी आहे. मोटर सिंक्रोनस असल्यामुळे व्होल्टेज थोडं खालीवर झालं तरी वेग विजेच्या ५० हर्ट्झलाच बांधलेला राहतो, त्यामुळे स्टॅबिलायझरला दोष देत बसू नका. जुन्या नाशकातल्या वाड्यात लाकडी तक्तपोशीवर मशीन असेल तर माणूस चालला की आर्म उडतो. त्याला कोणतंही सेटिंग पुरत नाही, भिंतीवर कंसांची फळी ठोकावी लागते.

पहिल्या पावसाळ्यानंतर बोर्डाचे स्क्रू आणि सबचासीची लेव्हल पुन्हा बघा, लाकूड हललेलं असतं. मूळ टीपी १६ त्याच्या बोर्डासकट, स्क्रू एका पुडीत बांधून, कोरड्या जागी ठेवा. पुढे मशीन विकायचं ठरलं तर घेणारा पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारतो.