पीडीएफ वाचकातील वाचन-सहाय्य आवरताना गेलेले आठ महिने

फोंड्याच्या वरच्या बाजारात दोन वकिलांच्या कार्यालयासाठी मी जुन्या दस्तांची भाषांतरे आणि टंकलेखन करतो. पोर्तुगीज काळातील विक्रीखते, इन्व्हेंटरीचे म्हणजे वारसांमधील वाटणीचे कागद, एक-चौदाचे (गोव्याचा सातबाराच म्हणा) उतारे हे सारे आता स्कॅन होऊन पीडीएफ स्वरूपातच हाती येते, आणि ते उघडण्यासाठी बहुतेकांच्या संगणकावर असतो तोच फुकटचा वाचक, म्हणजे अ‍ॅडोबचा 'ॲक्रोबॅट रीडर' हा प्रोग्राम, मी कित्येक वर्षे वापरत आहे. त्याच्या सोयी-गैरसोयी सर्वांना ठाऊक आहेत. मला लिहायचे आहे ते एका छोट्या चौकटीविषयी.

गेल्या जूनपासून कोणताही दस्त उघडला की ही चौकट पुढे येई. सहाय्यक साधनाला वाचता यावा म्हणून मजकूर तयार केला जात आहे, अशा अर्थाची ओळ तीत असे आणि खाली पट्टी सरकत राही. ती सरकत असेपर्यंत पान हलत नसे, शोधही चालत नसे. रद्द करावी, तर पुढच्या दस्ताबरोबर पुन्हा हजर. ४० पानांच्या एका दस्ताला मी घड्याळ लावून पाहिले, तेव्हा १ मिनिट ५० सेकंद गेले. दिवसाला वीस-पंचवीस दस्त उघडणाऱ्याचा यात पाऊण तास जातो, आणि तो पाऊण तास कोणत्याही बिलात लावता येत नाही.

संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाने येऊन निदान केले, "बाब, मशीन म्हातारें जालां, रॅम वाडोवया." खर्च ३,२०० रुपये. अर्धी मेमरी रिकामी असल्याचे पडद्यावर दिसत असताना ती वाढवण्यासाठी पैसे मोजणे मला पटले नाही, म्हणून मी त्याला चहा पाजून परत पाठवले आणि स्वतः शोध सुरू केला.

पहिला धागा विचित्र जागी सापडला. ३०० पानांची इन्व्हेंटरी झटकन उघडत होती आणि ४० पानांचे विक्रीखत रखडत होते. मेमरी अपुरी असती तर उलटे घडले असते. 'एडिट'मधील 'प्रेफरन्सेस'मध्ये 'रीडिंग' नावाचा विभाग आहे, तिथे याचे उत्तर होते. मोठ्या दस्तातील फक्त समोर दिसणारी पाने तयार करावीत, अशी निवड तिथे मुळातच केलेली असते आणि 'मोठा' म्हणजे किमान ५० पानांचा, असा आकडाही भरलेला असतो. म्हणजे ४९ पानांचा दस्त अथपासून इतिपर्यंत चाळला जातो आणि पन्नाशी गाठलेला सुटतो.

चाळायचे काय, हेही सांगतो. पीडीएफ १९९३ साली आले ते पान सर्वत्र सारखे दिसावे म्हणून. त्यातले शीर्षक कोणते, रकाना कोणता, आधी काय वाचायचे, हे सांगणाऱ्या खुणा, म्हणजे टॅग, २००१ साली आले, आणि दृष्टिहीनांना वाचता येईल अशा पीडीएफचे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक तर २०१२ सालचे. ज्या दस्तात टॅग नाहीत त्याचा वाचनक्रम प्रोग्रामला अंदाजाने लावावा लागतो. आमच्या स्कॅनमध्ये टॅग नसतात. असतो तो चित्रामागे यंत्राने ओळखलेला मजकूर, आणि फिकट पोर्तुगीज टंकलेखनातून यंत्र जे ओळखते त्याला मजकूर म्हणणे धाडसाचे आहे. त्या अक्षरांच्या भुग्याचा क्रम लावण्यात माझी सकाळ जात होती.

तरीही मी ती निवड बदलून थांबलो नाही, कारण मला चौकट दिसायलाच नको होती. त्यासाठीचा रूढ उपाय असा, की वाचक बंद करून त्याच्या 'प्लग-इन्स' फोल्डरमधील 'ॲक्सेसिबिलिटी' आणि 'रीड आउट लाउड' या फाइलींची नावे बदलायची, म्हणजे प्रोग्रामला त्या सापडतच नाहीत. ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात, पण काम दोन मिनिटांचे. चौकट गेली. हा अनुभव मी ऑगस्टमध्ये लिहिला असता तर या उपायाला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

ऑक्टोबरमध्ये अपडेट आले आणि दोन्ही फाइली मूळ नावांनी परत जागेवर आल्या. मी पुन्हा नावे बदलली. परंतु त्याहून महाग पडले ते वेगळेच. इंग्रजी मसुदा ताडून पाहताना मी संगणकाला तो मोठ्याने वाचायला लावत असे आणि डोळे मूळ कागदावर ठेवत असे. सर्व्हे क्रमांक आणि क्षेत्रफळे तपासायला याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. ती सोय मीच काढून टाकली होती. नुसत्या डोळ्यांनी ताडलेल्या एका मसुद्यात ११४/३ चे १४१/३ झाले. सब-रजिस्ट्रारकडे जाण्याआधी वकीलसाहेबांच्या ते लक्षात आले, एवढेच नशीब.

त्या दिवशी मला उशिरा प्रश्न पडला, की ही तयारी मुळात मागतो कोण? एखादे पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर दृष्टिहीनांना वाचून दाखवणारे, साधन चालू आहे असे वाटले तरच वाचक कामाला लागतो, आणि माझ्याकडे एनव्हीडीएसारखे काहीही नाही. पण जूनमध्ये मी एक पोर्तुगीज शब्दकोश बसवला होता, ज्यात शब्दावर बाण ठेवला की अर्थ दिसतो. पडद्यावरचा शब्द उचलण्यासाठी तो विंडोजच्या त्याच वाटेने विचारणा करतो, जी पडदावाचकांसाठी केलेली आहे. शब्दकोश बंद केला, चौकट आली नाही. पुन्हा सुरू केला, आली. पाहुणा मीच घरात घेतला होता आणि यजमानाला शिव्या देत होतो.

आता फाइली मूळ नावांनी आहेत, दस्त केवढाही असो फक्त दिसणारी पाने तयार करावीत अशी निवड केली आहे, आणि शब्दकोश लागेल तेव्हाच सुरू करतो. वाचनक्रमाचा अंदाज न करता छपाईच्या मूळ क्रमाने वाचावे, असाही एक पर्याय तिथे आहे. मला तो चालतो. पडदावाचकावर खरोखर अवलंबून असणाऱ्याने मात्र तो निवडू नये, कारण दोन रकान्यांच्या राजपत्रात त्या क्रमाची खात्री नसते.

माझी तक्रार एकच उरली आहे. त्या चौकटीत एवढी ऐसपैस जागा असून ही तयारी कोणत्या प्रोग्रामसाठी चालली आहे, हे लिहिलेले नसते. ते नाव दिसले असते तर जूनमध्येच प्रकरण मिटले असते.

कार्यालयातील ज्युनिअरच्या टचस्क्रीन लॅपटॉपवर कोणताही शब्दकोश नसताना चौकट येते. स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यामागची विंडोजची सेवाही तीच वाट वापरत असल्याने तसे होते. तिथे सेवा बंद केली तर पडद्यावरचा कळफलक आणि पेनने लिहिणे बंद पडते, आणि ज्युनिअरला मोठ्याने वाचून घेण्याची गरज पडत नाही. म्हणून त्याच्या लॅपटॉपवर मी फाइलींची नावेच बदलून दिली आहेत, आणि अपडेट आले की मला सांग, असे त्याला बजावले आहे.