गच्चीवर पत्रा, नवा कोबा की पांढरं कोटिंग?

ठाणे-नवी मुंबईतल्या पंचवीस-तीस वर्षं जुन्या सोसायटीच्या कमिटीपुढे उन्हाळा लागला की बहुधा तीन कोटेशनं येतात. एक पत्र्याच्या शेडचं, एक जुना कोबा (विटांचे तुकडे मसाल्यात बसवून गच्चीला दिलेला उताराचा थर) काढून नवा करण्याचं आणि एक पांढऱ्या कोटिंगचं. ठेकेदार तिघे वेगळे, पण आश्वासन एकच: गळती थांबेल आणि वरच्या मजल्यावरचा उकाडाही जाईल. प्रत्यक्षात बहुतेक वेळा यातलं एकच काम नीट होतं. कोणतं, ते कोटेशनवर लिहिलेलं नसतं.

दर पाहण्याआधी सध्याचा कोबा ओला आहे का, ते बघा. पाऊस नसताना संध्याकाळी गच्चीवर हातभर पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि सकाळी बघा. खाली थेंब जमले असतील तर कोब्याच्या पोटात पाणी आहे. मग हातोडीने जागोजागी ठोकून पाहा. पोकळ आवाज येतो तिथे कोबा स्लॅबपासून सुटलेला असतो. आणि वरच्या मजल्यावरच्या घरात छताला दिसणारी ओल भर मे महिन्यातही वाढत असेल, तर पावसाला दोष देण्याआधी वरची टाकी आणि तिचे पाइप तपासून घ्या.

कोटिंग सर्वांत स्वस्त आणि चार दिवसांत होणारं. नवा पांढरा थर ऊन मोठ्या प्रमाणात परत फेकतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये फरक खरंच जाणवतो. पण आपल्याकडे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शेवाळ धरून गच्ची काळी पडते आणि ऑक्टोबरचा उकाडा येतो तेव्हा पांढरेपणा गेलेला असतो. दरवर्षी घासून धुणार असाल तरच यात पैसे घाला. ओल्या कोब्यावर मात्र लावूच नका. ऊन तापलं की आतल्या पाण्याची वाफ होते, थर फुगतो, फुगा फुटतो आणि तिथूनच पुन्हा पाणी शिरतं. शिवाय साधं ॲक्रिलिक कोटिंग साचलेल्या पाण्यात टिकत नाही. गच्चीला उतार नसेल तर निदान पॉलियुरेथेनचं कोटिंग मागा.

आता कोबा. त्याच्यावर पांढऱ्या चायना मोझॅकचा (फरशीच्या चकचकीत तुकड्यांचा) थर असेल तर काम वर्षानुवर्षं टिकतं, पाय घसरतो तेवढं सोडून. कोबा फसतो तो बहुधा मध्यभागी नाही, कडेला. गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तिथे गोल वाटा (कोपऱ्यात गोलाई देऊन भरलेला मसाला) नीट भरलेला नसेल, किंवा पावसाळी पाइपाच्या तोंडाशी फट राहिली असेल, तर बाकी सगळं उत्तम असूनही खालच्या बेडरूमचा कोपरा भिजतोच. ‘जुन्यावरच नवा टाकू, तोडफोड वाचेल’ असं म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत पाठवा. चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जातं. खाडीकडच्या खाऱ्या हवेत आधीच सळ्या गंजलेल्या स्लॅबवर हे ओझं दुप्पट करायचं नसतं.

आता उन्हाचं बघू. सहा इंची उघड्या स्लॅबमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर दर चौरस मीटरला ढोबळमानाने ३.३ वॉट उष्णता आत येते. कोब्याने ती सव्वादोनपर्यंत उतरते. बस, एवढंच. इको निवास संहिता २०१८ या घरांसाठीच्या सरकारी ऊर्जाबचत नियमावलीने नव्या निवासी इमारतींच्या छताला याच मापात १.२ ची मर्यादा घातली. जुन्या सोसायट्यांना ती लागू नसली तरी मोजपट्टी म्हणून वापरायला हरकत नाही. वॉटरप्रूफिंगच्या वर आणि कोब्याच्या खाली ५० मिलिमीटरचा एक्सपीएस बोर्ड (उष्णता अडवणारा दाट फोमचा पत्रा नव्हे, फळी) टाकला तर आकडा अर्ध्या वॉटच्या आसपास येतो. बोर्डाऐवजी साधं थर्मोकोल घालू देऊ नका. ते पाणी पितं, आणि भिजलं की कामाचं राहत नाही.

पत्रा ऊन आणि पाऊस दोन्ही अडवतो, म्हणून सभेत तोच पटकन मंजूर होतो. पण त्याची अट हवेची आहे. बाजू उघड्या असतील तर गरम हवा निघून जाते. कोणी ‘जरा आडोसा’ म्हणून बाजू बंद केल्या की खालचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो. खांबांच्या प्लेटा गच्चीत बोल्ट ठोकून बसवल्या तर प्रत्येक बोल्ट ही गळतीची नवी जागा. वाऱ्याचा जोर, महापालिकेची परवानगी आणि पावसात वरच्या मजल्याला ऐकावा लागणारा ताशा, हे सगळं हिशेबात धरा.

माझं मत सांगायचं तर कोबा कोरडा आणि घट्ट असेल तर कडा दुरुस्त करून कोटिंग पुरे. कोबा ओला किंवा पोकळ असेल तर तो काढून, बोर्ड घालून नवा कोबा आणि वर पांढरा मोझॅक. खर्च जास्त, पण पाणी आणि ऊन दोन्हींचा बंदोबस्त यातच होतो. सळ्या उघड्या पडलेल्या असतील तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्लॅबची दुरुस्ती. तोवर पत्रा टाकून वरचा पाऊस थोपवणं शहाणपणाचं, फक्त पत्रा पडला म्हणून दुरुस्ती पुढे ढकलू नका. झाकल्यावरही गंज थांबेलच असं नाही. आणि वरच्या मजल्यावरच्यांना सांगा, छताला आतून ऑइलपेंट मारून डाग झाकू नका. ओल आत कोंडते आणि गंज वाढतो.

वर्क ऑर्डरमध्ये एक ओळ जरूर घाला: वॉटरप्रूफिंगचा थर झाल्यावर, वर बोर्ड किंवा कोबा टाकण्याआधी, गच्चीत किमान ४८ तास पाणी कोंडून ठेवायचं, खालच्या प्रत्येक घराचं छत कमिटीने स्वतः तपासायचं आणि शेवटचं बिल त्यानंतरच. मेअखेर काम पूर्ण हवं, तेव्हा कोटेशनं फेब्रुवारीतच मागवा.