जळगावात एफ-वन बघायची सोय : शेवभाजी, दोन टीव्ही आणि टीम रेडिओ

जळगावहून भुसावळकडे निघालं की हायवेला लागूनच हे हॉटेल आहे, केळीचे ट्रक थांबतात तिथलं. नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण मालकानेच सांगितलं, "भाऊ नाव नको लिहू, रविवारी आधीच बसायला जागा नसते." इकडच्या लोकांना एवढ्यावरून कळेल, बाकीच्यांनी विचारत विचारत जावं.

तर विषय असा की जळगाव भागात क्रिकेट दाखवणारी हॉटेलं पन्नास सापडतील पण फॉर्म्युला वन म्हणजे एफ-वन, मोटारींच्या शर्यती लावा म्हटलं की वेटर आपल्याकडे असा बघतो जसं काय आपण कुत्र्यांच्या शर्यती लावायला सांगितल्या. इथे मात्र रेसच्या रविवारी रीतसर लावतात आणि ते पण दोन टीव्हीवर. युरोपातल्या बहुतेक रेस आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात, म्हणजे रेस बघता बघता जेवण आणि साडेआठला घरी, बायकोची पण तक्रार नाही.

मोठा टीव्ही काउंटरच्या वर, त्याच्यावर नेहमीचं प्रक्षेपण. छोटा टीव्ही हात धुवायच्या बेसिनजवळ, आणि खरी गंमत तिथे आहे. मालकाचा पुतण्या बांभोरीला इंजिनिअरिंगला आहे, तो त्या छोट्या टीव्हीवर एकाच ड्रायव्हरच्या गाडीतला कॅमेरा लावतो आणि त्याचं टीमशी जे बोलणं चालतं तो रेडिओ चालू ठेवतो. ड्रायव्हर कोणता, याचा त्याचा नियम ठरलेला, जी टीम जोरात आहे तिचा दोन नंबरचा ड्रायव्हर. का म्हणून विचारलं तर म्हणे, "एक नंबरवाल्याला काय सांगणार, पळ म्हणून सांगतात, ऐकण्यासारखं तर दुसऱ्याला सांगतात."

पोरगं बरोबर बोलतंय. मोठ्या टीव्हीवर जो रेडिओ ऐकू येतो तो निवडून, तुकडे करून आणि थोडा उशिराने येतो. टीम ऑर्डर, म्हणजे टीमने आपल्याच दोन ड्रायव्हरपैकी कोणी कोणाला पुढे जाऊ द्यायचं ते सांगणं, समजून घ्यायची तर सलग ऐकावं लागतं. २०२४ चं हंगेरी आठवा. मॅक्लारेन टीमने नॉरिसला आधी पिटमध्ये टायर बदलायला घेतलं त्यामुळे तो पुढे असलेल्या टीममेट ऑस्कर पियास्ट्रीच्या पुढे आला, मग त्याचा इंजिनिअर लॅपमागून लॅप त्याला समजावतोय, आधी गोडीत, मग चॅम्पियनशिप एकट्याच्या जिवावर जिंकता येत नाही, पुढे तुला ऑस्कर लागेल अशा भाषेत, आणि हा गप्प, आणि गप्प राहून गाडी अजून जोरात पळवतोय. शेवटचे दोन-तीन लॅप राहिले तेव्हा जागा सोडली त्याने. हायलाइट्समध्ये हे सगळं दोन मिनिटांत संपतं, बघणाऱ्याला वाटतं सांगितलं आणि दिली जागा. ती पियास्ट्रीची पहिली एफ-वन विजयाची रेस होती आणि पोडियमवर दोघांचे चेहरे बघून कोण जिंकलं तेच कळत नव्हतं.

इथली गिऱ्हाइकं पण भारी आहेत. कॉलेजची पोरं, एक-दोन डॉक्टर, आणि एक आबा आहेत, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. आबांना टायरचे रंग कळत नाहीत पण टीम ऑर्डरवर त्यांचं मत पक्कं. "अरे भो, गाडी कोणाची? कंपनीची ना? मग कंपनी सांगीन तसं चालवायचं. मी जर डेपोत सांगितलं असतं का मला जळगाव-धुळे नको, पुण्याचीच गाडी पाहिजे, तर मॅनेजरने घरी बसवलं असतं." पोरं लगेच खवळतात. त्यांचं म्हणणं, एसटीचा ड्रायव्हर वर्ल्ड चॅम्पियन व्हायला निघालेला नसतो, आणि ज्याच्याशी स्पर्धा करायची तो बाजूच्या गॅरेजमध्ये, त्याच रंगाच्या कपड्यात, सेम गाडी घेऊन बसलेला, मग टीममेटला हरवलं नाही तर कोणाला हरवणार? गाडी सेम असते म्हणून तर ड्रायव्हर केवढ्याचा ते टीममेटवरूनच मोजतात.

माझं मत मधलं आहे. ऑर्डर द्या, पण उघड द्या. २००२ ला ऑस्ट्रियात फेरारीचा बॅरिकेलो जवळपास पूर्ण रेस पुढे होता आणि फिनिश लाइनच्या तोंडाशी त्याला टीममेट शूमाकरला पुढे सोडावं लागलं, लोकांनी एवढी हुर्यो केली की शूमाकरने पोडियमवर त्यालाच वरच्या पायरीवर ढकललं. त्यावर दहा लाख डॉलरचा दंड झाला, तो पण ऑर्डरचा नाही, पोडियमवरच्या गोंधळाचा. पुढच्या वर्षीपासून रेसच्या निकालावर परिणाम करणाऱ्या ऑर्डरवर बंदी. आणि बंदीने काय झालं? ऑर्डर थांबल्या नाहीत, फक्त सांकेतिक झाल्या. २०१० ला जर्मनीत हॉकेनहाइममध्ये फेरारीच्या मासाला रेडिओवर सांगितलं, "फर्नांडो इज फास्टर दॅन यू", फर्नांडो म्हणजे टीममेट अलोन्सो, आणि वर विचारलं की मेसेज समजला का ते कन्फर्म कर. बरोबर एक वर्षापूर्वी, २५ जुलैलाच, हंगेरीत दुसऱ्या गाडीची स्प्रिंग उडून याच माणसाच्या डोक्याला लागली होती, जीव वाचला हेच नशीब, आणि पुनरागमनाच्या वर्षात जिंकत असलेली रेस त्याच्याकडून अशी काढून घेतली. फेरारीला एक लाख डॉलर दंड. त्यांना तो चहापाण्याचा खर्च. अलोन्सोला त्या अदलाबदलीतून सात पॉइंट जास्तीचे मिळाले तरी चॅम्पियनशिप चार पॉइंटने हुकलीच. २०११ पासून बंदी उठवली ते बरंच झालं, निदान खोटं तरी बोलावं लागत नाही.

मला उलट १९९८ चं बेल्जियमचं स्पा आवडतं. पावसात अर्धे लोक आधीच बाद, जॉर्डन टीमच्या दोन्ही गाड्या पुढे, डेमन हिल पहिला आणि राल्फ शूमाकर मागून त्याच्यापेक्षा जोरात. हिलनेच रेडिओवर टीमला सांगितलं, आम्ही दोघं भिडलो तर हातात काहीच राहणार नाही, बघा काय ते. राल्फला मागेच ठेवलं, जॉर्डन टीमचा पहिला विजय तो. राल्फला राग आलाच असणार, पण टीमचं म्हणणं काय होतं हे सगळ्या जगाला कळलं. सामायिक विहीर असली की मोटारीची पाळी आधी ठरवून भिंतीवर लिहून ठेवतात, तोंडी ठेवली की भाऊ-भाऊ कोर्टात दिसतात, तसंच आहे हे. मॅक्लारेनच्याच सेना आणि प्रोस्टचं तोंडीच ठरलं होतं १९८९ ला इमोलात, पहिल्या वळणावर एकमेकांना ओव्हरटेक करायचं नाही म्हणून. त्यावरून जे फाटलं ते त्याच वर्षी सुझुकाला दोघं एकमेकांत घुसेपर्यंत गेलं.

बरं, हॉटेलकडे येतो. शेवभाजी मस्त, काळ्या मसाल्याची, तर्री वेगळी मागितली तर आणून देतात, आणि शेव बाजूला वाटीत देतात ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. रेसच्या नादात शेव रश्श्यात पडून राहिली की लापशी होते, त्यामुळे अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणारी सेफ्टी कार आल्याशिवाय शेव टाकायची नाही असा इथल्या टेबलांचा अलिखित नियमच आहे. फौजदारी डाळ ठीक, मीठ कधी जास्त कधी कमी. पनीरच्या वाटेला जाऊ नका, खान्देशात येऊन हायवेवर पनीर बटर मसाला मागवणाऱ्याला जे मिळायला पाहिजे तेच मिळतं.

आता खोड्या. एक, दोन्ही टीव्हींची वेळ जुळत नाही. छोटा टीव्ही मोठ्याच्या पुढे पळतो, कधी कधी अर्धा मिनिट. २०२५ च्या इटलीतल्या मोंझाला त्याने सगळी मजा घालवली. नॉरिस पियास्ट्रीच्या पुढे होता, मागून फेरारीचा लेक्लेर येऊ नये म्हणून मॅक्लारेनने पियास्ट्रीला आधी टायर बदलून दिले, मग नॉरिसच्या पिट स्टॉपला चाक अडकलं आणि जिथे दोन-अडीच सेकंद लागतात तिथे ५.९ लागले, पियास्ट्री पुढे. लगेच ऑर्डर आली, जागा परत दे. पियास्ट्रीने विचारलं की स्लो स्टॉप हा रेसिंगचा भाग असतो असं आपलंच ठरलं होतं ना, मग आता काय बदललं, पण तुम्हाला हवंच असेल तर देतो. दिली पण. आम्ही मोठ्या टीव्हीसमोर देतो का नाही यावर पैजा लावत बसलोय आणि बेसिनजवळच्या टेबलावरून ओरडा, "दिली रे दिली!" सगळा खेळ खलास. पुतण्याला सांगितलं की छोटा टीव्ही पॉज करून मागे घेत जा, तो हो म्हणतो आणि विसरतो. (रेड बुल टीमचा व्हर्स्टापेन ती रेस जिंकत होता आणि त्याला रेडिओवर हे कळल्यावर तो हसला होता. ते हसू मात्र मोठ्या टीव्हीवर ऐकायला मिळालं.)

दोन, शेवटच्या दहा लॅपमध्ये वेटर हलत नाही. भाकरी आधीच मागवून ठेवा. तीन, लाइट गेली तर इन्व्हर्टरवर फक्त मोठा टीव्ही चालतो, आणि वायफाय चालू व्हायला वेळ लागतो.

पण त्याच वर्षी ७ डिसेंबरला, अबुधाबीच्या शेवटच्या रेसच्या रात्री, या जागेने सगळं भरून काढलं. डिसेंबर म्हणजे भरिताचा सीझन, मागे मोकळ्या जागेत कपाशीच्या काड्यांवर ती मोठी हिरवी भरिताची वांगी भाजणं चालू, धूर आतपर्यंत, हिरवी मिरची-लसूण-शेंगदाणे घालून लाकडी भांड्यात ठेचलेलं भरीत, सोबत पुरी किंवा कळण्याची भाकरी, कांद्याची पात. व्हर्स्टापेन पहिला, पियास्ट्री दुसरा, नॉरिस तिसरा, आणि तिसरा येऊन नॉरिस चॅम्पियन. वर्षभराचे पॉइंट नॉरिस ४२३, व्हर्स्टापेन ४२१, पियास्ट्री ४१०. आबांनी वेटरकडून ऑर्डरचं पॅड मागून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि पोरांना म्हणाले, त्या चाक अडकल्याच्या रेसला या नॉरिसला किती मिळाले होते? दुसऱ्या नंबरचे १८. पियास्ट्रीने जागा दिली नसती तर? १५. आबांनी भरिताच्या तेलकट बोटांनी ४२३ मधून तीन वजा करून ४२० लिहिलं, शेजारी ४२१ लिहून त्याला गोल केला आणि पॅड टेबलावर सरकवून दिलं. "आता बोला. कंपनीचं ऐकलं नसतं तर कप दुसऱ्या कंपनीत गेला असता."

पोरं गप्प. मी म्हटलं आबा, तीन पॉइंट काढले म्हणून बाकीच्या रेस जशाच्या तशा झाल्या असत्या असं थोडीच आहे, आणि ज्याने जागा दिली तो पियास्ट्री चॅम्पियनशिपमध्ये तिसरा राहिला त्याचं काय? त्यावर आबा म्हणाले त्याला पगार मिळतो ना. यावर वाद पुढे बिल येईपर्यंत चालला आणि पार्किंगमध्ये पण चालला.

एवढं लक्षात ठेवा, ब्राझील रात्री साडेदहाला आणि अमेरिकेतल्या काही रेस त्याच्याही नंतर असतात, त्या इथे दाखवत नाहीत, शटर अकराला खाली. लास वेगस रविवारी सकाळी साडेनऊला असते तेव्हा टीव्ही लावतात पण किचन बंद, फक्त चहा-पोहे. टेबल हवं असेल तर सहाच्या आत पोचा आणि बेसिनपासून लांबचं घ्या. जेवणाला चार स्टार, सर्व्हिसला अडीच, छोट्या टीव्हीच्या कल्पनेला पाचपैकी पाच, आणि तो टीव्ही ज्या वेळेला पुढे पळतो त्या वेळेला शून्य.